बॅकपॅकिंगला दारू कुठली न्यावी? (योसेमिटी, तीन रात्री, सगळं पाठीवर)

वाटचुकार:
मंडळी, प्रश्न जरा वेगळा आहे, हसू नका. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कात बॅकपॅकिंगला चाललोय, परमिट लॉटरीत लागलं हेच मोठं नशीब. ट्वॉलमी मेडोजला गाडी लावायची, पहिली रात्र कथीड्रल लेकपाशी, दुसरी सनराइज नावाच्या तळ्यांच्या आसपास, तिसऱ्या दिवशी क्लाउड्स रेस्टचं शिखर करून लिटल योसेमिटी व्हॅलीत मुक्काम आणि मग खाली हॅपी आइल्सला उतरायचं. तंबू, स्वयंपाक, कपडे, सगळं आपापल्या पाठीवर. मी, बायको, माझा जुना रूममेट आणि बायकोचा मावसभाऊ. मावसभाऊ माळकरी घरातला, थेंबाला शिवत नाही, म्हणजे पिणारे तिघं.

गेल्या वर्षी असंच एका तळ्याकाठी एका रात्रीसाठी गेलो होतो तेव्हा मी हौसेने बियरचे बारा कॅन सॅकमध्ये भरले. चार मैलात खांदे गेले, वर पोचेपर्यंत बियर कोमट झालेली, आणि दुसऱ्या दिवशी सगळे रिकामे कॅन चेपून परत खाली वाहून आणले तेव्हा सॅकला असा वास मारत होता की गाडीत काचा खाली करून आलो. बायको अजून दर पार्टीला हा किस्सा सांगते.

तर यंदा शहाणपणा करायचाय. रूममेट म्हणतो सिंगल माल्ट, त्याच्याकडे एक चांगली पीटवाली, म्हणजे धुराच्या चवीची, बाटली पडून आहे. बायको म्हणते वाइन, खोकेवाली, आतली पिशवी काढून न्यायची. मला स्वतःला ओल्ड मंक न्यायचीये, इथल्या भारतीय दुकानात मिळते. किती न्यावी, कशातून न्यावी, आणि अस्वलाच्या डब्यात (अस्वलाला उघडता येत नाही तो जेवणाचा डबा) ठेवावी लागते का हे पण सांगा. चकण्याच्या सूचना आल्या तर दुधात साखर.

घाटमाथा:
सुरुवातीलाच स्पष्ट बोलतो, राग आला तरी चालेल. डोंगरात दारू कशाला लागते हो? आम्ही दर थर्टी फर्स्टला गडाच्या पायथ्याला पहाऱ्याला उभे असतो, कडाक्याच्या थंडीत, का, तर कुणी बाटल्या घेऊन वर जाऊ नये म्हणून. पावसाळ्यानंतर टाक्यांतून आणि बुरुजांच्या कपारीतून काचा वेचतो, एकदा एका पोराचा तळपाय उभा चिरला गेला होता. ज्यांना प्यायचीये त्यांनी घरी बसून प्यावी.

वाटचुकार:
@घाटमाथा दादा, राग कसला. गडावर मी पण कधी थेंब नेला नाही आणि कुणी नेली तर मी पण भांडेन. गड वेगळा, तिथे पायातली चप्पल काढून आत जाणारी माणसं आहेत. पण इथे मी जातोय तो रानातला ट्रेल आहे, एकवीस वर्षांवरच्या माणसाने तिथे संध्याकाळी तंबूपुढे बसून शांतपणे एक पेग घेतला तर ते नियमात बसतं. काचेची बाटली नेणार नाही आणि नेलेलं सगळं परत आणणार, एवढा शब्द देतो.

घाटमाथा:
मग ठीक. पण शीर्षकात योसेमिटी आहे म्हणून सोडतोय हां. हा धागा वाचून उद्या कुणी राजमाचीला खंबा घेऊन निघाला तर त्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, आपल्या राज्यात दारूबंदी कायदा १९४९ सालापासून आहे आणि उघड्यावर प्यायला बसलं की केस होते, आणि त्याच्या आधी आम्ही भेटतो.

सिएटलचा कोकण्या:
वा, माझ्या आवडीचा विषय. मी गेली बारा-तेरा वर्षं इथल्या कॅस्केड्सच्या डोंगरांत पाठीवर घेऊन हिंडतोय (सॅक म्हणतोय मी) आणि सगळ्या चुका करून झाल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे दारू निवडताना ब्रँड बघू नका, अल्कोहोलच्या टक्क्यांचा आकडा बघा. खालून वर आपण दारू वाहत नसतो, पाणी वाहत असतो, आणि पाणी तर वर तळ्यात फुकट आहे. साधा हिशोब घ्या, ७५० मिलीची ४० टक्क्यांची बाटली, म्हणजे आपला खंबा, त्यात शुद्ध अल्कोहोल झालं ३०० मिली. तेवढंच अल्कोहोल बियरमधून न्यायचं तर ५ टक्क्यांचे ३५५ मिलीवाले सतरा कॅन लागतील, सहा किलोच्या वर वजन. वाइनमधून न्यायचं तर जवळजवळ सव्वादोन लिटर, म्हणजे तीन बाटल्या. आणि व्हिस्की किंवा रम असेल तर काच घरी ठेवून नुसतं आतलं द्रव्य सातशे ग्रॅमच्या थोडं वर. पुढे जाऊन ६३ टक्क्यांची जमैकन ओव्हरप्रूफ रम घेतलीत, रे अँड नेफ्यू म्हणून मिळते, तर पावणेपाचशे मिलीत तेच काम होतं, वजन साधारण साडेचारशे ग्रॅमच्या आत. म्हणून वहिनींची वाइन मला मनापासून आवडत असली तरी तीन रात्रींना ती न्यायची तर वहिनींनी स्वतःच्या पाठीवर न्यावी असं नम्रपणे सुचवतो.

पण इथेच एक मेख आहे. साठच्या वरचं काही घेतलंत तर ते सवयीच्या हाताने ओतायचं नाही, नेहमीचा साठ मिलीचा पेग म्हणून ओतलात तर तो दीड पेग झालेला असतो आणि अंधारात, थकलेल्या अंगाने, कळतही नाही. शिवाय पेटत्या स्टोव्हच्या बाजूला ते ओतायचं अजिबात नाही, भडकतं. एव्हरक्लिअर नावाचा जो नुसता स्पिरिटच असतो तो काही लोक नेतात कारण तो स्पिरिटच्या स्टोव्हमध्ये जाळता पण येतो, पण कॅलिफोर्नियात त्याची ६० टक्केवाली बाटलीच विकतात, ती धड जळायची नाही आणि चवीला म्हणाल तर डॉक्टरने इंजेक्शनआधी दंडाला बोळा लावल्यासारखी. आणि उलटं तर कधीच करू नका, म्हणजे स्टोव्हचं स्पिरिट आणि प्यायची दारू एकसारख्या बाटल्यांत भरू नका. स्टोव्हच्या इंधनात मिथेनॉल असतं, त्याने डोळे जातात, जीव जातो. आपल्याकडे विषारी दारूच्या बातम्या येतात ना, तेच ते.

ओल्ड मंक ४२.८ टक्के आहे, म्हणजे व्हिस्कीपेक्षा किंचित बरी, आणि तिची खरी ताकद वेगळीच आहे, ती गरम पाण्यात चालते, गार पाण्यात चालते, चहात चालते आणि काहीच नसलं तर नुसतीही चालते. सिंगल माल्टचं तसं नाही. रात्री पारा पाच-सहा डिग्रीवर आला की मगात ओतलेला माल्ट नाकाला काही सांगतच नाही, सगळा सुगंध झोपतो, आणि तुमच्या रूममेटची महागाची बाटली तिथे चौकीदाराच्या व्हिस्कीसारखी लागते. नेलीच तर शंभर मिली न्या, संध्याकाळभर जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा आणि शेवटच्या रात्री खाली गरम हवेत प्या.

भांडं: प्लॅटिपसच्या मऊ पिशव्या येतात, रिकामी झाली की गुंडाळून खिशात, वजन नगण्य. नाहीतर नॅलजीनची पांढरी अर्धपारदर्शक बाटली. कोऱ्या पिशवीला प्लास्टिकचा वास असतो तो आधी खायचा सोडा टाकून धुऊन घालवा, नाहीतर पहिल्या घोटाला रबरी चप्पल चावल्यासारखं वाटतं.

चकणाप्रमुख:
"चौकीदाराच्या व्हिस्कीसारखी" 😂 अहो चौकीदाराने काय घोडं मारलंय

सिएटलचा कोकण्या:
आणि हो, अस्वलाच्या डब्याचं राहिलंच. योसेमिटीत रानात राहायचं तर डबा सक्तीचा आहे, आणि त्यात फक्त जेवण नाही तर वास येणारं सगळं जातं, टूथपेस्ट, सनस्क्रीन, आणि दारूसुद्धा. बेअरव्हॉल्ट कंपनीचा मोठा डबा साडेअकरा लिटरचा असतो, त्यात चौकोनी कडक बाटलीपेक्षा मऊ पिशवी कोपऱ्यात बरोब्बर बसते, हा पण एक फायदा.

अस्वलाला दारू कळत नाही असं समजू नका. आमच्या वॉशिंग्टन राज्यात २००४ च्या ऑगस्टमध्ये बेकर लेकच्या कॅम्पग्राउंडवर एका काळ्या अस्वलाने लोकांचे कूलर फोडून छत्तीस कॅन बियर रिचवली होती आणि गवतावर आडवं पडलेलं सापडलं होतं. गंमत म्हणजे त्याने आधी एका दुसऱ्या ब्रँडचा कॅन फोडून बघितला, तो सोडून दिला, आणि मग फक्त आमची लोकल रेनियर बियर प्यायला. शेवटी त्याला पकडायला पिंजऱ्यात डोनट, मध आणि रेनियरचे कॅनच ठेवावे लागले. इथले लोक अजून हे अभिमानाने सांगतात, आपल्याकडे कुणी पुरस्कार मिळाल्याचं सांगतात तसं.

पथ्यपाणी:
मी व्यवसायाने डॉक्टर आहे त्यामुळे मला विरस करणं भाग आहे, माफ करा. बाकी सगळं छान चाललंय पण उंचीबद्दल कुणीच बोललं नाही. वाटचुकार, तुम्ही बे एरियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, म्हणजे जवळजवळ समुद्रसपाटीला राहता. सकाळी निघून गाडीने ८,६०० फुटांवर ट्वॉलमीला पोचणार आणि त्याच संध्याकाळी साधारण साडेनऊ हजार फुटांवर झोपणार. शरीराला सवय व्हायला वेळच दिलेला नाही. अशा पहिल्या रात्री दारू घेऊ नये, अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी तर उंचीवरचे पहिले अठ्ठेचाळीस तास टाळा असं सांगते.

कारण असं की झोपेत आपला श्वास तसाही मंदावतो, उंचीवर तो आधीच अडखळत असतो, आणि दारूने तो अजून मंद होतो, म्हणजे जेव्हा ऑक्सिजन जास्त हवा तेव्हाच कमी मिळतो. दुसरं, लघवी जास्त होऊन पाणी कमी पडतं. आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, विरळ हवेचा त्रास आणि हँगओव्हर, दोन्हीची लक्षणं एकच, डोकं दुखणं, मळमळ, जेवण नको वाटणं. सकाळी डोकं ठणकत उठलात तर ते कशामुळे हे तुम्हालाच कळणार नाही, आणि वर चढायचं की खाली उतरायचं हा निर्णय तर त्यावरच घ्यायचा असतो. झोपेची गोळी आणि दारू एकत्र तर कधीच नको.

आणि तो थंडीत ब्रँडीचा समज. आपल्याकडे पोराला सर्दी झाली की आजी चमचाभर ब्रँडी चोळायची, क्वचित पाजायची पण, त्यामुळे हे डोक्यात घट्ट बसलंय. प्यायल्यावर कातडीकडचं रक्त वाढतं म्हणून ऊब वाटते, पण तीच ऊब बाहेर निघून जात असते, आतलं शरीर गार पडतं. पोट भरलेलं, कोरडे कपडे घातलेले, झोपायच्या पिशवीच्या तोंडाशी बसून एखादा पेग, इतपत ठीक. भिजलेल्या, कुडकुडणाऱ्या माणसाला "घे रे दोन घोट" म्हणून देणं म्हणजे त्याला अजून गारठवणं.

एक शेवटचं, कुणीतरी मला मागे विचारलं होतं म्हणून. ओढ्याच्या पाण्यात रम टाकली की पाणी शुद्ध होत नाही. तेवढी रम टाकायची तर पाणी कशाला. फिल्टर न्या.

बेएरियाचा बाब्या:
डॉक्टर म्हणतायत ते शंभर टक्के. मी दोन वर्षांपूर्वी हाच उद्योग केला होता, शुक्रवारी ऑफिस करून निघालो, रात्री वर पोचलो, "आलो बाबा एकदाचे" म्हणून टेकडीवर बसून दोन मोठे पेग. पहाटे तीनला तंबूबाहेर ओकत होतो आणि वर आकाशगंगा अशी की काय सांगू, पण बघायला मान वर होत नव्हती.

एक कायद्याची गोष्ट सांगतो जी कुणी सांगत नाही. तुम्ही घरीच बाटलीतून पिशवीत ओतणार ना, मग ती कॅलिफोर्नियात गाडीतली उघडी दारू धरली जाते. सील तुटलेलं काहीही पुढे मागे सीटपाशी ठेवायचं नाही, सरळ डिकीत. सॅक मागच्या सीटवर टाकून निघू नका. आणि विमानाने येणाऱ्यांसाठी, चेक-इनच्या बॅगेत सत्तर टक्क्यांपर्यंतचीच चालते, चोवीस ते सत्तरमधली माणशी पाच लिटर आणि तीही दुकानातल्या सीलबंद बाटलीतच, त्यामुळे ओतून घ्यायचं काम उतरल्यावर करायचं. माझा एक मित्र लहानशा पाण्याच्या बाटलीत जिन घेऊन सिक्युरिटीला गेला होता आणि तिथल्या माणसाने विचारलं हे काय, तर हा म्हणाला पाणी. बाटलीभर पाणी पण नेता येत नाही हे विसरला.

गोंयकार:
आमच्या फेणीचं कोणी नावच काढेना, म्हणून आलो. काजूची फेणी बेचाळीसच्या पुढेच असते, वजनाच्या हिशोबात बसते, आणि २००९ सालीच तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, म्हणजे मान आहे. पण प्रामाणिकपणे सांगतो, न्यायची असेल तर आपल्याच जबाबदारीवर. वास असा की झाकण उघडलं की शेजारच्या तंबूतले विचारतील काय सांडलं. अस्वल राहू दे, रेंजर येईल.

मात्र एक गोष्ट जरूर न्या, कोकमाचा आगळ. औषधाच्या बाटलीएवढी छोटी बाटली पुरते. तळ्याचं फिल्टर केलेलं गार पाणी, दोन चमचे आगळ, चिमूट मीठ, थोडी साखर, हिरवी मिरची असली तर उभी चिरून, आणि त्यात फेणी किंवा व्होडका. दिवसभर घाम गाळल्यावर ते मीठ आणि आंबट जे लागतं ना. आणि तुमच्या त्या माळकरी पाव्हण्याला तेच दारूशिवाय द्या, तो पण खूश. त्याची सोय कोणी विचारलीच नाय अजून.

उराक नेऊ नका, उराक म्हणजे एकदाच गाळलेली, जेमतेम पंधरा टक्के, आणि ती मार्च ते मे गोव्यात बसून लिंबू आणि मिरची टाकून प्यायची गोष्ट. टिकत पण नाय.

सुंठसाखर:
मी पिणारी आहे आणि बॅकपॅकिंग करणारी पण आहे, तर वाइनवरून वहिनींना टोमणे मारणाऱ्यांचा निषेध 😀 एका रात्रीच्या ट्रिपला वाइनची पिशवी अगदी मस्त, जेवणाबरोबर काही हलकं हवं असतं माणसाला. पण तीन रात्रींना मी पण नेत नाही, उन्हात सॅक तापते आणि वाइनची चव बिघडते.

माझी रेसिपी घ्या. घरीच सुंठपूड, किसलेला गूळ, दोन लवंगा आणि दोन मिरी कुटून छोट्या पुड्या बांधते, माणशी रात्री एक. वर गेल्यावर पाणी उकळायचं, मगात पुडी, वर गरम पाणी, पाण्याने गूळ विरघळला की मगच रम, आधी नाही. रम उकळत्या पाण्यात उकळायची नाही, अल्कोहोलची वाफ नाकात जाऊन ठसका बसतो आणि निम्मी चव हवेत. लिंबू नेलंत तर अर्धं पिळायचं. लिंबू वजनाला जड वाटत असेल तर इथे लिंबाच्या पावडरीच्या बारक्या पुड्या मिळतात त्या न्या. जिन आवडत असेल तर घरूनच नेग्रोनी मिसळून न्या, जिन, कॅम्पारी आणि गोड व्हरमूथ सारख्या प्रमाणात, त्यात ताजं काही नसल्याने खराब होत नाही, तळ्यात पिशवी दोरीला बांधून अर्धा तास बुडवली की थंडगार. दोरी पक्की बांधा. हे मी का सांगतेय ते विचारू नका.

हिशोब पण सांगते, कारण सगळे टक्केवारीत अडकलेत. तिघं जण, डॉक्टरांचं ऐकून पहिली रात्र कोरडी, उरल्या दोन. माणशी एक मोठा पेग म्हणजे साठ मिली, दोन रात्रींचे झाले ३६० मिली. म्हणजे हाफ पुरतो! ३७५ मिली. खंबा कशाला लागतो कुणास ठाऊक. पुरुष मंडळी ट्रिपच्या आधी जे प्लॅन करतात ते आणि वर गेल्यावर साडेआठला घोरायला लागतात ते, यातलं अंतर मी अनेकदा बघितलंय.

चकणाप्रमुख:
चकणा विचारलाय आणि कोणी बोलत नाही म्हणजे काय.

१. भडंग. हलकं, पण जागा खातं, त्यामुळे पिशवीतली हवा काढून लाटण्याने दाबून न्या, चुरा झाला तरी चवीला तेच.
२. तिखट शेंगदाणे. वजनाला सगळ्यात जास्त पोटभरीचे.
३. बाकरवडी, पण छोटी.

वेफर्स नेऊ नका, उंचीवर पाकीट फुग्यासारखं टम्म होतं आणि डब्यात फुटतं. चौथं काही नाही, उगाच यादी मोठी करायची म्हणून नाही करणार.

हिमगौरी:
थोडं अवांतर. मी नेपाळला एव्हरेस्ट बेस कॅम्प केला तेव्हा आमच्या ग्रुपमधल्या एकाने काठमांडूत खुकरी रम घेतली होती, वर नेली, आणि एक थेंब न पिता तशीच खाली आणली कारण वर कुणाची इच्छाच होत नव्हती, दोन पायऱ्या चढलं की धाप. तिथे टीहाउसमध्ये, म्हणजे वाटेवरच्या मुक्कामाच्या घरांत, बियर मिळते पण जसजसं वर जाल तसतशी किंमत वाढत जाते कारण प्रत्येक कॅन कुणाच्या तरी पाठीवरून वर आलेला असतो, ते बघितल्यावर मागवायची लाज वाटते. लुकलाला, जिथून ट्रेक सुरू होतो तिथे, परत आल्यावर मात्र ती रम उघडली आणि आमच्या गाइडसकट सगळे नाचलो. तेव्हापासून माझा नियम, दारू शेवटच्या मुक्कामाची. तुमचा शेवटचा मुक्काम लिटल योसेमिटी व्हॅली जवळजवळ सहा हजार फुटांवर आहे ना, मग सगळी तिथेच प्या की. चढून झालेलं असेल, उतरलेले असाल, दुसऱ्या दिवशी फक्त खाली जायचंय.

पथ्यपाणी:
@हिमगौरी +१. आणि क्लाउड्स रेस्टच्या आदल्या रात्री तर कमीच. ९,९२६ फुटांवर शेवटचा तो अरुंद कडा आहे, दोन्हीकडे खोल, तिथे डोकं स्वच्छ हवं.

वाटचुकार:
अरे बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. ठरलं असं: ओल्ड मंक, पाचशे मिलीच्या मऊ पिशवीत पावणेचारशे, रूममेटची माल्ट शंभर मिली (त्याने फार वाद घातला), सुंठीच्या पुड्या, आगळ. पहिली रात्र कोरडी. वाइन परत आल्यावर घरी. येऊन सांगतो.

सिएटलचा कोकण्या:
पिशवी भरून झाली की दाबून हवा काढा आणि मग झाकण लावा, घरी भरलेली हवा वर फुगते. आणि झाकण आटे नीट बसवून लावा.

वाटचुकार:
आलो मंडळी, सगळे सुखरूप. तीन आठवडे झाले, ऑफिसमधून डोकं वर काढायला वेळ मिळाला नाही म्हणून उशीर.

पहिली रात्र कोरडी ठेवली आणि तरी रूममेटचं डोकं दुखलं, पण निदान कशामुळे ते कळलं, दोन लिटर पाणी पाजलं, लवकर झोपवलं, सकाळी ठीक. डॉक्टर, तुमचे विशेष आभार, नाहीतर आम्ही त्याला हँगओव्हर म्हणून चिडवत वर ओढत नेलं असतं. संध्याकाळी कथीड्रल पीक तळ्यात उलटं दिसत होतं आणि डास इतके की तोंड उघडायची सोय नव्हती, पेग हातात असता तर त्यात चार पडले असते.

दुसऱ्या रात्री सुंठ, गूळ, रम. सुंठसाखर ताई, दंडवत. बायकोने एक घोट घेतला आणि म्हणाली वाइनचा विषय मी परत काढणार नाही, बियरचा मात्र काढणार. माल्ट शेवटच्या रात्री प्यायलो, जॅकेटमधून काढून, आणि ती चांगली लागली हे मला मान्य करावं लागतंय.

आता घोटाळा. कोकण्यांनी सांगितलं तसं हवा काढली, पण झाकण आट्यात तिरकं बसलं असणार, दुसऱ्या दिवशी दुपारी डबा उघडला तर मंक हळूहळू झिरपत होती, फार नाही, पाऊणएक पेग असेल, पण सगळी गेली ती भडंगाच्या पिशवीत, जी मी चकणाप्रमुखांचं ऐकून लाटण्याने दाबली होती आणि दाबताना कुठेतरी टोचली गेली होती. भडंग ओलं, काळसर, आणि वास म्हणजे थेट पुण्यातला एखादा परमिट रूम. आम्ही तिघांनी ते चमच्याने खाल्लं आणि खरं सांगतो, वाईट नव्हतं. मावसभाऊ बिचारा बाजूला बसून बघत होता, दोन दिवस त्याने भडंगाची वाट बघितली होती, त्याच्यासाठीच तर जास्त घेतलं होतं. आगळाचं सरबत मात्र त्याने एकट्याने संपवलं. आम्ही म्हणालो घे रे आगळाचं सगळं तूच, तर म्हणाला ठीक आहे, पण पुढच्या वेळी चकण्याचा डबा माझ्या पाठीवर आणि तुमची ती पिशवी तुमच्या डब्यात.

चकणाप्रमुख:
मावसभाऊंना माझा नंबर द्या.